स्नोमोबाइलचा क्लच कसा लावायचा, आणि बाजारातलं किट घ्यावं का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८५० सीसी वर्गातली दोन-स्ट्रोक स्नोमोबाइल (बर्फावर धावणारं वाहन), दोन हंगाम सखल भागात चालवलेली. आता ती २,५०० मीटरच्या आसपास, डोंगरात, खोल भुसभुशीत बर्फात चालवता. पूर्ण थ्रॉटल दिला तरी आरपीएम ७,७०० च्या वर जात नाही आणि मॅन्युअलमध्ये ८,२०० लिहिलेलं आहे. महिन्याभरात दोन बेल्ट गेले. सोबतचे लोक म्हणतात, स्प्रिंग, वेट आणि हेलिक्सचं पूर्ण क्लच किट टाक, मशीन वेगळंच होईल. तर ते घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या दोन तक्रारींपैकी आरपीएमची तक्रार उंचीमुळे आली आहे आणि ती फक्त वेट बदलून जाईल. बेल्टची तक्रार बहुधा क्लचच्या अवस्थेची आहे आणि ती कुठल्याच किटने जाणार नाही. मी स्वतः बऱ्याच मशिनांवर किट बसवली आहेत आणि काही मशिनांवर त्यांच्याशिवाय भागत नाही, हेही सांगतो. पण किट म्हणजे कुणीतरी त्याच्या मशिनवर, त्याच्या उंचीवर, त्याच्या बर्फात शोधलेलं उत्तर असतं. तुमचं गणित तेच असेल तर उत्तर जुळतं. म्हणून आधी तुमचं गणित काय आहे ते पाहू.

ज्यांनी बिनगिअरची स्कूटर उघडून पाहिली आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये रबरी व्ही बेल्ट. प्रत्येक पुली दोन तिरक्या तबकड्यांची, त्यातली एक स्थिर आणि एक सरकती. तबकड्या जवळ आल्या की बेल्ट काठाकडे चढतो, लांब गेल्या की आत उतरतो, आणि गिअरचं प्रमाण पायऱ्यांशिवाय सलग बदलत जातं. डाफ कंपनीने १९५८ मध्ये याच तत्त्वावरची मोटार लोकांसमोर आणली होती. स्कूटर आणि स्नोमोबाइल यांच्यात एक मोठा फरक मात्र आहे. स्कूटरमध्ये मागच्या चाकाजवळ वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो आणि बेल्ट सतत पकडीत असतो. स्नोमोबाइलमध्ये बेल्टच क्लचचं काम करतो. इंजिन नुसतं सुरू असताना पुढच्या, म्हणजे प्रायमरीच्या तबकड्या उघड्या असतात आणि बेल्ट मोकळा असतो. थ्रॉटल दिला की त्या बेल्टला चिमटीत धरतात. दर वेळी निघताना बेल्ट थोडा घसरणारच, आणि घसरण म्हणजे उष्णता. बेल्टचं आयुष्य ठरतं ते बरंचसं इथेच.

प्रायमरीत तीन फ्लायवेट असतात, काही बनावटींत जास्त. इंजिन फिरू लागलं की ती बाहेर फेकली जातात, रोलरवर दाब देतात आणि सरकती तबकडी बेल्टकडे ढकलतात. आतली स्प्रिंग त्यांना विरोध करते. मागच्या, म्हणजे सेकंडरी पुलीत एक स्प्रिंग आणि तिरक्या उतारांचा हेलिक्स असतो. ट्रॅकवर, म्हणजे मशीन पुढे ढकलणाऱ्या रबरी पट्ट्यावर, जेवढा भार, तेवढा हेलिक्स तबकड्या घट्ट मिटतो आणि बेल्टला खालच्या गिअरकडे ओढतो. वेट वरच्या गिअरकडे ढकलतात, सेकंडरी खालच्या गिअरकडे ओढते. ही रस्सीखेच ज्या आरपीएमवर बरोबरीत सुटते, तो आकडा तुम्हाला मीटरवर दिसतो.

म्हणून पूर्ण थ्रॉटलला दिसणारा आरपीएम इंजिन एकटं ठरवत नाही, क्लच ठरवतो. क्लचकडून आपल्याला हवं असतं ते एवढंच, की वेग काहीही असो, चढ असो की सपाटी, इंजिन आपल्या सर्वाधिक शक्तीच्या आरपीएमवर टिकून राहावं. दोन-स्ट्रोक इंजिनात हे फार नाजूक असतं, कारण त्याची शक्ती ट्यून केलेल्या एक्झॉस्ट पाइपवर अवलंबून असते आणि आरपीएमच्या एका अरुंद टप्प्याच्या बाहेर ती झपाट्याने कमी होते. तुमचं इंजिन ८,२०० ऐवजी ७,७०० वर अडकलं आहे, म्हणजे ते त्या टप्प्याच्या खाली रेटत आहे.

आता उंची. २,५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण २२ टक्के कमी असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. इंजिन दुबळं झालं, पण वेट तीच राहिली. ती आधीइतक्याच जोराने गिअर वर ढकलतात, इंजिनाला ते झेपत नाही आणि आरपीएम खाली बसतो. यात मशीन बिघडलेलं नाही. ज्या कंपन्या डोंगरी मॉडेल बनवतात त्या मॅन्युअलमध्ये किंवा क्लचच्या झाकणावर उंचीप्रमाणे वेट आणि स्प्रिंग यांचा तक्ता देतात. तो आधी शोधा. बऱ्याच लोकांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो.

हिशोब स्वतःही करता येतो. वेटचा जोर त्याच्या वजनाच्या सरळ प्रमाणात आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा तुमचं प्रत्येक वेट ७० ग्रॅमचं आहे. ते १ ग्रॅमने हलकं केलं तर वजनात १.४ टक्क्यांची घट होते आणि तोच जोर मिळवायला आरपीएम साधारण ०.७ टक्क्यांनी, म्हणजे ८,२०० वर सुमारे ५५ ते ६० ने वाढावा लागतो. स्प्रिंगचा विरोध आणि वेटचा आकार धरला तर प्रत्यक्षात दर ग्रॅमला ५० ते १०० आरपीएम फरक पडतो, असं माझ्या कामात दिसलं आहे. तुम्हाला ५०० आरपीएम वर यायचं आहे. म्हणजे प्रत्येक वेट ५ ते १० ग्रॅमने हलकं करावं लागेल. पहिल्या फेरीत ६ ने करा आणि मोजा. तिन्ही वेट एकाच वजनाची हवीत. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलून घ्या, पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. स्की-डू कंपनीच्या टीआरए नावाच्या क्लचमध्ये हे थोडं वेगळं असतं. तिथे लिव्हरमधल्या पिनांचं वजन बदलतात आणि रॅम्पचा, म्हणजे आतल्या उताराचा, कोन बाहेरून क्लिकर नावाच्या खुणांच्या स्क्रूने बदलता येतो, दर खुणेला साधारण २०० आरपीएमचा फरक पडतो. तिथे वरचा ग्रॅमचा हिशोब लावू नका.

एवढ्याने तुमची पहिली तक्रार बहुधा मिटेल. पण वेट मागवण्याआधी क्लच उघडा, कारण बेल्टची तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या मशिनवर मी हीच चूक केली. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम वरखाली नाचत होता, एकदा ८,०००, पुढच्या खेपेला ८,३००. मी एक नावाजलेलं किट आणलं, बसवलं, आणि दोन आठवडे स्प्रिंगा बदलत बसलो. नाचणं गेलं नाही. शेवटी प्रायमरी पूर्ण खोलली तेव्हा एका रोलरला सपाट खाच पडलेली निघाली आणि त्याच्या बुशमध्ये, म्हणजे तो ज्यावर फिरतो त्या आतल्या नळीत, नखाला जाणवेल इतकी ढिलाई होती. तो रोलर जिथे अडायचा तिथे तबकडी थांबायची. रोलर आणि बुश नवे टाकले, मूळ कंपनीच्या स्प्रिंगा परत बसवल्या, आणि मशीन सरळ ८,२०० वर उभं राहिलं. किटात दोष नव्हता. मी झिजलेल्या क्लचवर ते बसवलं होतं. तेव्हापासून माझ्याकडे कुणीही क्लच लावून घ्यायला आला की मी आधी तो खोलतो.

खोलताना पहिली गोष्ट सुरक्षेची. प्रायमरी शाफ्टवरून काढायला तिचा ठरलेला पुलरच लागतो. हातोडा मारला तर क्रँकशाफ्टला इजा होते. झाकणाखालची स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत सारख्या प्रमाणात सैल करा. शेवटचे एकदम काढले तर झाकण अंगावर येतं. झाकणावर, स्पायडरवर (शाफ्टवर घट्ट बसलेला हातांचा भाग) आणि तबकडीवर जुळणीच्या खुणा असतात, त्या तशाच जुळवून बसवा, नाहीतर पुलीचा तोल जातो. आठ हजार आरपीएमवर तोल गेलेली पुली काय करते ते पाहायची वेळ येऊ देऊ नका. बेल्टशिवाय इंजिन कधीही थ्रॉटलने फिरवू नका आणि गार्ड काढून चालवू नका. मधला बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा तपासा.

आत काय पाहायचं? रोलर गोल आहेत का आणि सहज फिरतात का. वेटच्या पिनांचे बुश सैल झालेत का. वेटच्या वक्र कडेवर खाच किंवा दबलेली जागा आहे का. स्पायडरच्या बटणांमध्ये (घासणाऱ्या छोट्या गुट्ट्यांमध्ये) जास्त फट पडली आहे का. सरकत्या तबकडीचा बुश शाफ्टवर डोलतो का. सेकंडरीत हेलिक्सची बटणं किंवा रोलर झिजलेत का. आणि तेल किंवा ग्रीस कुठेही लावू नका. हे बुश कोरडे चालण्यासाठीच बनवलेले असतात. ग्रीस लावलं की बेल्टची धूळ त्यात अडकून त्याची सहाण होते आणि बुश उलट लवकर जातो. चांगल्या मनाने क्लचला ग्रीस लावणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

तबकड्यांचे चेहरे आरशासारखे चकाकत असतील तर तेही कारण असू शकतं. जळालेल्या रबराचा थर बसला की बेल्टला पकड मिळत नाही. साधा हिरवा घासणीचा कापड घ्या, तबकडीवर आडवेतिडवे हात फिरवा, मग ॲसिटोनने पुसा. इंधन किंवा तेलकट सॉल्व्हंट वापरू नका. नवा बेल्टही बसवण्याआधी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. साच्यातून निघताना त्यावर लागलेला पदार्थ धुतला नाही तर तो पहिल्या दिवशीच तबकड्यांवर बसतो. आणि नवा बेल्ट पहिले ५० किलोमीटर सौम्य चालवा, अधूनमधून वेग बदलत राहा. तुमचे दोन्ही बेल्ट लावल्या दिवशीच चढावर पूर्ण थ्रॉटलने चालवले असतील तर एका महिन्यात दोन जाण्याचं अर्धं कारण तिथेच असेल.

मग संरेखन, म्हणजे दोन्ही पुली एका रेषेत आहेत का. यासाठी प्रत्येक मॉडेलची वेगळी पट्टी मिळते, ती दोन्ही पुलींवर टेकवून अंतर पाहतात. सरळ पट्टीने अंदाज बांधता येतो, पण मापाची पट्टी विकत घेण्यासारखी आहे. पुलींमधलं केंद्रापासूनचं अंतरही पाहा. इंजिनाचे रबरी माउंट बसले असतील तर उभ्या मशिनमध्ये सगळं जुळलेलं दिसतं, पण थ्रॉटल दिला की इंजिन मागे खेचलं जातं आणि रेषा मोडते. हे तपासणं सोपं आहे. इंजिन बंद ठेवून प्रायमरीपाशी इंजिनाला हाताने जोर लावून पाहा. बोटभर हलत असेल तर माउंट गेले.

बेल्टची उंची: मशीन उभं असताना बेल्टचा वरचा काठ सेकंडरीच्या कडेला समपातळीत किंवा साधारण दीड मिलिमीटर वर असावा. तो खाली बसला असेल तर तुम्ही पहिल्या गिअरऐवजी थोड्या वरच्या गिअरने निघता आणि निघताना बेल्ट जास्त घसरतो. हे बऱ्याच मशिनांवर सेकंडरीच्या एका बोल्टने जुळवता येतं आणि पाच मिनिटांचं काम आहे. खोल बर्फात सतत थांबून निघावं लागतं, तिथे या दीड मिलिमीटरचा परिणाम फार मोठा असतो.

तुमचे गेलेले बेल्ट फेकले नसतील तर आणून पाहा, त्यावर बरंच काही लिहिलेलं असतं. एकाच जागी बेल्ट अरुंद, जळका झाला असेल तर ट्रॅक गोठून अडकला असताना थ्रॉटल दिला गेला आहे. सकाळी निघण्याआधी मशीनचं मागचं टोक उचलून आपटणं किंवा ट्रॅक हलवून मोकळा करणं एवढंच त्यावरचं औषध. कडेचा दोरा सुटून बाहेर आला असेल तर संरेखन किंवा माउंट. दोन्ही बाजू सारख्या चकाकत असतील तर घसरण. आतले दाते तुटले असतील तर थंड, ताठ बेल्टवर एकदम पूर्ण भार टाकला आहे. बेल्टच्या चिंध्या झाल्या असतील तर सहसा उष्णता. तुम्ही फक्त दोन बेल्ट गेले एवढंच लिहिलं आहे. ते कसे गेले त्यावर पुढचं सगळं ठरतं.

उष्णता मोजायला इन्फ्रारेड तापमापक ठेवा. दहा मिनिटं जोरात चालवून थांबा, इंजिन बंद करा आणि लगेच दोन्ही पुलींच्या तबकड्यांचं तापमान घ्या. मी ८० अंश सेल्सिअसच्या आत समाधानी असतो, ९५ च्या वर गेलं की थांबून कारण शोधतो. दोन्हींतला फरकही बोलका असतो. प्रायमरी जास्त गरम असेल तर ती बेल्टला पुरेसं दाबत नाही किंवा निघताना फार घसरते. सेकंडरी जास्त गरम असेल तर तिथली स्प्रिंग थकलेली किंवा हेलिक्सचा कोन तुमच्या भारासाठी फार उभा.

हे सगळं नीट झालं, की मग लावणी. यात माझा एकच आग्रह आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. एकाच दिवशी स्प्रिंग, वेट आणि हेलिक्स बदललं तर मशीन सुधारलं काय आणि बिघडलं काय, कशामुळे ते कळणार नाही. पूर्ण किट एकदम टाकण्यातही नेमका हाच धोका आहे.

चाचणी कशी घ्यायची तेही ठरवून घ्या. मशीन आणि पाइप पूर्ण गरम झाल्यावरच मोजा. पाइप गरम झाला की त्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि सर्वाधिक शक्तीचा आरपीएम थोडा वर सरकतो, म्हणून थंड मशिनवरचं मोजमाप दिशाभूल करतं. डोंगरात एकच चढ निवडा, सारखा बर्फ असलेला, दहा-बारा सेकंद पूर्ण थ्रॉटल धरता येईल असा. मीटरकडे बघत चालवणं धोक्याचं आहे. हेल्मेटवर किंवा हँडलवर कॅमेरा लावा आणि नंतर पाहा. तीन आकडे काढा: सुरुवातीचा, मधला, शेवटचा. तिन्ही ८,१०० ते ८,३०० च्या दरम्यान असतील तर काम झालं. शक्य असेल तर एक ओळखीचं मशीन शेजारी ठेवा, तेही त्याच चढावर, दोघांनी एकाच वेळी थ्रॉटल दाबून. बर्फ तासातासाला बदलतो. शेजारचं मशीन तुम्हाला सांगतं की फरक क्लचचा की बर्फाचा.

तिन्ही आकडे सारखेच कमी असतील तर वेट अजून हलकी करा, सारखेच जास्त असतील तर जड करा. सुरुवातीला बरोबर आणि वेग वाढल्यावर आरपीएम खाली येत असेल तर प्रायमरी स्प्रिंगचा शेवटचा जोर कमी पडतो आहे, किंवा वेटच्या टोकाला जास्त वजन आहे. सुरुवातीला कमी आणि नंतर वर चढत असेल तर वेटच्या मुळाशी वजन जास्त आहे. बाजारात मूळ, मधला भाग आणि टोक अशा तीन जागी स्क्रू घालून वजन बदलता येणारी वेट मिळतात. ज्याला स्वतः लावणी करायची आहे त्याच्यासाठी पूर्ण किटापेक्षा अशा तीन वेटचा संच मला जास्त उपयोगाचा वाटतो. एकदा घेतला की उंची बदलली तरी नवीन खर्च नाही.

प्रायमरी स्प्रिंगवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १२० आणि ३२० पाउंड. पहिला क्लच पकडताना, दुसरा पूर्ण वर गेल्यावर. पहिला आकडा वाढला की क्लच जास्त आरपीएमवर पकडतो. ट्रेलवर ३,३०० च्या आसपास सुखकर, खोल बर्फात ३,८०० च्या आसपास चांगलं, कारण मशीन बर्फावर उसळून येतं. त्याहून वर नेलं की निघताना झटका बसतो आणि बेल्ट तापतो. दुसरा आकडा वाढवला की वरच्या टप्प्यातला आरपीएम वाढतो. स्प्रिंग रंगावरून ओळखू नका. एका कंपनीची पिवळी आणि दुसरीची पिवळी यांचा काही संबंध नसतो. आणि स्प्रिंग थकते. माझ्या मशिनांवर मी ती दर दोन-अडीच हजार किलोमीटरला बदलतो, दिसायला चांगली असली तरी. दुसऱ्या बनावटीची स्प्रिंग टाकताना ती पूर्ण दाबल्यावर तारेचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, ते पाहा. टेकले तर क्लच पूर्ण वर जाणारच नाही.

आता हेलिक्स. नवशिक्यांचा गोंधळ इथेच सर्वात जास्त होतो. कोन जितका उभा, तितका सेकंडरीचा बेल्टवरचा दाब कमी आणि गिअर लवकर वर जातो. कोन जितका आडवा, तितका दाब जास्त आणि भार आला की गिअर पटकन खाली येतो, म्हणजे बॅकशिफ्ट चांगला. काही हेलिक्समध्ये सुरुवातीचा कोन एक आणि शेवटचा दुसरा असतो, जसं की ४६ ने सुरू होऊन ३८ वर संपणारा. झाडांमधून, वळणावळणाने, सतत थ्रॉटल सोडून-दाबून चालवणाऱ्याला बॅकशिफ्ट हवा असतो. उघड्या मैदानात लांब खेचणाऱ्याला तो तितका लागत नाही.

बॅकशिफ्ट तपासायला पूर्ण थ्रॉटलने चढत असताना दोन सेकंद सोडा आणि पुन्हा पूर्ण दाबा. आरपीएम क्षणात ८,२०० वर उडी मारून स्थिर झाला तर हेलिक्सला हात लावू नका. ७,६०० ला अडखळून हळूहळू वर येत असेल तर आधी सेकंडरी स्प्रिंग थोडी कडक करा आणि त्याने भागलं नाही तरच आडव्या कोनाचा हेलिक्स. हा क्रम मी मुद्दाम सांगतो. स्प्रिंग स्वस्त असते आणि दहा मिनिटांत परत बदलता येते. मात्र ती गरजेपेक्षा कडक केली तर बेल्टवर कायम जास्त दाब राहतो, उष्णता वाढते आणि सपाटीवरचा वेग जातो.

क्लचआड लपणारी आणखी एक गोष्ट म्हणजे चेनकेसचं, म्हणजे सेकंडरीपासून ट्रॅकपर्यंत शक्ती नेणाऱ्या साखळी-दातचक्रांच्या पेटीचं, गिअरिंग. लांब ट्रॅक, तीन इंचांच्या जवळचे उंच दाते आणि खोल बर्फ अशा भारात सखल भागातलं गिअरिंग फार उंच पडतं. मग क्लच आपल्या हालचालीचा फक्त सुरुवातीचा भाग वापरतो आणि तिथेच घसरत, तापत राहतो. प्रायमरीच्या तबकडीवर जाड मार्करने मध्यापासून काठापर्यंत एक रेघ ओढा आणि चालवून या. बेल्टने ती जिथपर्यंत पुसली तिथपर्यंतच तो चढला. दिवसभर डोंगरात फिरून रेघ अर्धीही पुसली नसेल तर चेनकेसमधलं वरचं दातचक्र एक-दोन दातांनी लहान करण्याचा विचार करा. अशा मशिनवर मला गिअरिंगचा जेवढा फायदा दिसला तेवढा कुठल्याही क्लच किटचा दिसला नाही.

मग किट कुणासाठी? डाल्टन, स्टार्टिंग लाइन प्रॉडक्ट्स, स्पीडवर्क्स अशा अनुभवी लोकांची किट नीट विचार करून बनवलेली असतात. विशिष्ट मॉडेल, विशिष्ट ट्रॅकची लांबी, विशिष्ट उंची धरून. तुम्ही पाइप बदलला असेल, सिलिंडरचं पोर्टिंग केलं असेल (त्यातली वायूची छिद्रं बदलली असतील), बाहेरून टर्बो बसवला असेल, तर इंजिनाचा शक्तीचा टप्पा आणि टॉर्क दोन्ही बदललेले असतात आणि कंपनीचा तक्ता तुमच्या कामाचा राहत नाही. तिथे त्या बदलासाठी तयार केलेलं किट घ्या. ते तुमचा एक अख्खा हंगाम वाचवतं. ट्रॅक मूळपेक्षा बराच लांब किंवा खोल दात्यांचा टाकला असेल, तिथेही. जुनं मशीन असेल, ज्याच्या मूळ स्प्रिंगा आणि वेट तशीही बदलायचीच आहेत, तर सुट्या भागांऐवजी किट घेणं सोयीचं पडतं. आणि ज्याला प्रयोग करायला वेळ किंवा आवड नाही, पण मशीन निरोगी आहे, त्यानेही घेतलं तर मी अडवणार नाही.

नव्या, मूळ अवस्थेतल्या मशिनवर मात्र फायदा बहुतेक वेळा वाटतो त्यापेक्षा कमी असतो. कंपनीची लावणी ही तडजोड असते हे खरं. हजारो वेगवेगळ्या चालकांसाठी, बेल्टचं आयुष्य सांभाळून, क्लच सौम्यपणे पकडेल असं पाहून केलेली. पण आजच्या डोंगरी मॉडेलांची ती तडजोड चांगली असते. कंपनीचाच टर्बो असलेल्या मशिनांवर उंचीचा प्रश्न आणखी सौम्य होतो. स्की-डूने २०२० च्या हंगामासाठी आणलेलं ८५० ई-टेक टर्बो सुमारे २,४०० मीटरपर्यंत समुद्रसपाटीइतकीच शक्ती देतं असं कंपनी सांगते. अशा मशिनवर उंचीसाठीचं हलक्या वेटचं किट टाकलं तर इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरेल.

किट विकत घेताना एक कसोटी लावा. विक्रेत्याला तुमची उंची, ट्रॅकची लांबी, गिअरिंग, तुमचं वजन आणि बर्फाचा प्रकार सांगा. त्याने उलट प्रश्न विचारले, तुमचा सध्याचा आरपीएम मागितला, प्रत्येक भागाचा आकडा लिहून दिला, तर तो माणूस काम जाणतो. आकडे गुपित ठेवून फक्त रंगांची नावं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. पुढे एखादी स्प्रिंग बदलायची वेळ आली तर तुम्हाला कशाच्या जवळची घ्यायची तेही कळणार नाही. किट बसवल्यावर पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम ठरल्यापेक्षा १०० ने इकडे-तिकडे आला तर त्यात नवल नाही, ते वेटच्या एक-दोन ग्रॅमने जुळवायचंच असतं. त्यामुळे किटासोबत मिळणारी जास्तीची वजनं फेकू नका.

तुमच्यासाठी क्रम असा. आधी गेलेले बेल्ट पाहा आणि दोन्ही पुली खोलून रोलर, बुश, बटणं, माउंट तपासा, जे झिजलं आहे ते बदला. तबकड्या घासून पुसा. संरेखन आणि बेल्टची उंची जुळवा. दोन हंगामांच्या स्प्रिंगांच्या जागी त्याच आकड्यांच्या नव्या टाका. मग तक्त्यातलं २,५०० मीटरचं वेट, तक्ता नसेल तर सध्यापेक्षा ६ ग्रॅम हलकं. नवा बेल्ट धुऊन बसवा, ५० किलोमीटर सांभाळून चालवा. त्यानंतर एकाच चढावर तीन आकडे घ्या आणि रेघेची खूण पाहा. रेघ अर्ध्याच्या आत राहिली तर चेनकेस. आकडे खाली येत असतील तर प्रायमरी स्प्रिंगचा दुसरा आकडा. सोडून-दाबून अडखळत असेल तर सेकंडरी स्प्रिंग. हेलिक्स अगदी शेवटी. एक जास्तीचा, आधीच धुतलेला आणि थोडा चालवून मुरवलेला बेल्ट मात्र कायम सोबत ठेवा. डोंगरात, संध्याकाळी, कमरेइतक्या बर्फात बेल्ट तुटला तर हातात चालू स्थितीतला दुसरा हवा, आणि बदलण्याची पद्धत घरी दोनदा करून पाहिलेली हवी.